आत कोण, बाहेर कोण

ताण हा शब्द हल्ली फार स्वस्त झाला आहे. आमच्या लहानपणी ताण पतंगाच्या मांज्याला असायचा, नाहीतर तंबोऱ्याच्या तारेला. माणसाला काळजी असायची, घोर लागायचा, जीव टांगणीला लागायचा. आता बालवाडीतल्या पोरालाही 'टेन्शन' असतं. त्यामुळे माझी भाची जेव्हा फोनवर म्हणाली, "मावशी, जिवाणूलासुद्धा ताण येतो, आणि त्यावर आमच्याकडे जाडजाड पुस्तकं आहेत," तेव्हा मला आधी हसूच आलं. ती कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवते. मी जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवला. बी.ए. मराठी माध्यमातून. विज्ञानाशी माझा संबंध अकरावी मॅट्रिकपुरता, तोही पास होण्यापुरता.

पण मंडळी, हसण्यावारी न्यावं असं प्रकरण नव्हतं ते.

झालं होतं असं, की गेल्या पावसाळ्यात ह्यांना थंडी वाजून ताप आला. लघवीला जळजळ. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पाच दिवस नेमाने घेतल्या, ताप काही हटेना. मग लघवीचं कल्चर करायला सांगितलं. तीन दिवसांनी रिपोर्ट आला. वर जंतूचं नाव: ई. कोलाय. खाली अठरा-वीस औषधांची यादी, आणि प्रत्येकापुढे एक अक्षर. एस किंवा आर. एस म्हणजे सेन्सिटिव्ह, औषध लागू पडेल. आर म्हणजे रेझिस्टंट, जंतू या औषधाला दाद देत नाही. निकालपत्रक वाचायची सवय असल्यामुळे मी बोट ठेवून मोजलं. आर, आर, आर, आर... पानाच्या खालच्या भागात कुठे चार-पाच एस दिसले. त्यातलीही दोन औषधं ह्यांच्या किडनीला चालणार नव्हती. शेवटी दहा दिवस रोज एक इंजेक्शन, सलाईनमधून.

त्या दहा दिवसांत मला एकच प्रश्न पडला होता. हा 'आर' म्हणजे नक्की काय? तो जंतू आत बसून करतो तरी काय? औषध रक्तातून त्याच्यापर्यंत पोचतं, त्याच्या अंगाभोवती पसरतं, आणि तरी हा ढिम्म! भाचीला रोज रात्री फोन करून मी तिचं डोकं खाल्लं. तिने न कंटाळता समजावून सांगितलं. ते मला जसं कळलं, तसं इथे मांडते.

पहिली गोष्ट म्हणजे जिवाणू केवढा? ई. कोलाय एकापुढे एक असे साधारण पाचशे मांडले तर एक मिलीमीटर भरतो. एवढ्याशा जिवाला घर नाही, कातडी नाही, डोळे-कान नाहीत. त्याच्याभोवती असतं ते एक पातळ पटल, स्निग्ध पदार्थाचं, दोन थरांचं. जाडी किती? तर मिलीमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले सात-आठ. या पटलाच्या आतलं ते त्याचं, बाहेरचं ते जगाचं. आत काय घ्यायचं आणि बाहेर काय टाकायचं, यावरच त्याचं सगळं जगणं अवलंबून.

लोणच्याचं उदाहरण घ्या. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की तासाभरात पाणी सुटतं. मिठात पडलेल्या जिवाणूचंही तेच होतं. त्याच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं, तो आतल्या आत आक्रसतो. हा त्याचा ताण. पण फोड बिचारी मऊ पडून राहते, जिवाणू मात्र कामाला लागतो. पहिल्या काही मिनिटांत तो बाहेरचं पोटॅशियम भराभर आत ओढतो. मग प्रोलीन, बीटेन अशी निरुपद्रवी द्रव्यं बाहेरून गोळा करतो, ट्रेहॅलोज नावाची एक साखर स्वतःच बनवतो. आतलं द्रावण दाट झालं की पाणी परत आत येऊ लागतं. आणि समजा याच वेळी पाऊस आला, तो खारट पाण्यातून एकदम गोड्या पाण्यात पडला, तर? आता उलटी आपत्ती. पाणी धो धो आत शिरणार आणि हा फुग्यासारखा फुटणार. त्यासाठी पटलात झडपा असतात. पटलावर ताण पडला की त्या ताणानेच झडप उघडते आणि साठवलेलं सगळं भसकन बाहेर टाकते. आपल्या कुकरच्या शिट्टीसारखं. म्हणजे इथे ताण हा शब्द पुन्हा आमच्या जुन्या अर्थाने आला, मांज्याचा ताण, ओढला जाण्याचा! मला फार बरं वाटलं.

दह्याचंही तसंच. विरजणातले जिवाणू दुधातली साखर खाऊन आम्ल तयार करतात. थोड्या वेळाने तेच आम्ल त्यांच्याच पटलातून आत झिरपू लागतं. मग ते आम्ल पंपाने बाहेर फेकत बसायचं. या पंपाला शक्ती लागते, खाल्लेल्या अन्नातला काही भाग त्यातच जातो.

उष्णतेचा ताण आणखी वेगळा. अंडं उकडलं की पांढरं घट्ट होतं, कारण त्यातल्या प्रथिनांच्या घड्या उलगडून त्यांचा गुंता होतो. ताप वाढला की जिवाणूच्या प्रथिनांचंही तसंच होऊ लागतं. तेव्हा तो तातडीने दुसरी काही प्रथिनं तयार करतो, जी या उलगडणाऱ्यांना धरून ठेवतात, पुन्हा घडी घालून देतात. सुईणीने बाळाला धरावं तसं. ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली ती १९६२ साली इटलीतल्या रितोस्सा या शास्त्रज्ञाच्या, आणि तीही फळमाशीत. पुढे जिवाणूंत सापडली, आपल्यातही सापडली. ह्यांना १०२ ताप होता तेव्हा मी कपाळावर पट्ट्या ठेवत होते, आणि आतला तो ई. कोलायही आपल्या परीने पट्ट्याच बदलत होता म्हणायचा.

आता दारांकडे वळू. मी स्वारगेटला राहते. खिडकीतून दिवसभर एसटीच्या गाड्यांचे आवाज येतात, आणि २९ सप्टेंबर २०२४ पासून आमच्या पायाखाली मेट्रोही आली आहे. भाचीचं बोलणं मला समजलं ते या मेट्रोच्या स्टेशनामुळे. स्टँडवर कुणीही कुठूनही शिरतो. मेट्रोत तसं नाही. तिकीट दाखवलं तरच ती काचेची झापडं उघडतात. जिवाणूच्या पटलातही अशीच वेगवेगळी दारं असतात. काही नुसती भोकं, लहान कण त्यातून आपोआप आत-बाहेर करतात. काही दारं एकाच पदार्थाला ओळखणारी. आणि काही पंप, जे शक्ती खर्चून माल रेटतात.

ही दारंही तो गरजेपुरतीच बांधतो. १९४० च्या दशकात पॅरिसमध्ये झाक मोनो यांनी एक प्रयोग केला. ई. कोलायला ग्लुकोज आणि दुधातली साखर, असं दोन्ही वाढून ठेवलं. त्याने आधी ग्लुकोज संपवलं. मग वाढ थोडा वेळ थांबली. मग दुसऱ्या साखरेला हात घातला. मधल्या वेळात काय झालं? तर दुधातली साखर आत घेणारं दार आणि ती फोडणारं विकर, दोन्ही तयार करायला वेळ लागला. पुरणपोळी ताटात असताना भाकरी कोण थापणार, तसंच हे! या कामातूनच पुढे १९६५ साली मोनो, याकोब आणि ल्वॉफ या तिघांना नोबेल मिळालं.

ई. कोलायला एक नाही तर दोन पटलं असतात, आणि दोहोंच्या मध्ये एक बोळ. बाहेरच्या पटलात ती भोकं असतात, रुंदी मिलीमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपास. त्यात दोन प्रकार. एक किंचित रुंद, एक किंचित अरुंद. पातळ पाण्यात, जिथे अन्न विरळ, तिथे रुंद भोकं जास्त. आपल्या आतड्यात, जिथे उबदार आणि दाट रस, तिथे अरुंद जास्त. हे ठरवतो कोण? आतल्या पटलात बसलेलं एक प्रथिन बाहेरची स्थिती हेरतं आणि आतल्या दुसऱ्या प्रथिनाला निरोप देतं. तो निरोप्या जाऊन कुठली दारं बांधायची ते ठरवतो. इतिहास शिकवलेल्या मला लगेच चोपदार आणि कारभारी आठवले.

आता मुद्द्याची गोष्ट. कितीतरी औषधं याच भोकांतून आत शिरतात. भोकं अरुंद केली, कमी केली, की औषध कमी शिरतं. जे शिरतं ते फेकून द्यायला पंप आहेत. आतल्या पटलापासून बोळ ओलांडून थेट बाहेर सोंड काढलेला असा एक तीन भागांचा पंप ई. कोलायमध्ये असतो. आणि त्यातूनही जे उरतं, त्याची बोळातच गाठ पडते ती औषध फोडणाऱ्या विकराशी. ह्यांच्या जंतूपाशी असंच विकर होतं. ते बनवायची कृती एक जिवाणू दुसऱ्याला देऊ शकतो, शेजारणीला पाककृती द्यावी तशी.

मी भाचीला म्हटलं, "काय कपटी जात आहे गं ही!"

ती म्हणाली, "मावशी, तो पंप तुमच्या औषधासाठी नाहीच. आपल्या आतड्यात पित्त असतं. पित्त स्निग्ध पदार्थ विरघळवतं, म्हणजे याचं पटलच विरघळवेल. ते बाहेर फेकण्यासाठी हा पंप. तुमचं औषध आलं, त्याला वाटलं असंच काहीतरी आलंय, दिलं फेकून."

हे ऐकून मी खरंच गप्प झाले. आपण म्हणतो जंतूंशी लढाई, जंतूंचा हल्ला. आणि तो बिचारा पिढ्यान्‌पिढ्या आपल्या पित्तापासून घर राखत बसलेला! त्याचं घरही कुठे, तर आपल्याच आतड्यात. १८८५ साली जर्मनीत एशेरिख या बालरोगतज्ज्ञाने तान्ह्या मुलांच्या शीत तो पहिल्यांदा पाहिला. प्रत्येकाच्या पोटात तो असतो, बहुतेक वेळा निमूट असतो. जागा सोडून मूत्रमार्गात गेला की मग दुखणं.

माझ्या आईची एक धाकटी बहीण होती. मी तिला पाहिलेलं नाही. १९४४ साली बाळंतपणानंतर नवव्या दिवशी तापाने गेली. बाळंतरोग म्हणायचे. आई शेवटपर्यंत म्हणायची, "ते पेन्सिलीन तेव्हा असतं तर." आईचा उच्चार तसाच होता, पेन्सिलीन. लंडनमध्ये फ्लेमिंगना ते बुरशीत सापडलं होतं १९२८ मध्येच. पण औषध म्हणून उपयोगी पडेल असं ते केलं ऑक्सफर्डच्या फ्लोरी-चेन मंडळींनी, आणि युद्ध चालू असल्यामुळे त्या काळात ते मुख्यतः सैन्याला जायचं. खेड्यातल्या बाळंतिणीपर्यंत कुठून पोचणार?

पोचलं ते दहा वर्षांनी, आणि आपल्या दारात. १९५४ साली पिंपरीला सरकारने हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना काढला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत होती. १९५५ मध्ये पेनिसिलिनचं उत्पादन सुरू झालं. आज स्वारगेटला मेट्रोत बसलं की गाडी न बदलता पिंपरीला उतरता येतं. त्या बाजूला गेले की मला न पाहिलेली मावशी हटकून आठवते.

पेनिसिलिन काय करतं? जिवाणूच्या पटलाबाहेर एक भिंत असते, जाळीसारखी. आत पाण्याचा दाब मोठा, तो ही भिंत तोलून धरते. जिवाणू वाढताना भिंत सतत दुरुस्त करावी लागते. पेनिसिलिन त्या गवंड्यांचे हात धरून ठेवतं. भिंत कच्ची पडते आणि जिवाणू फुटतो. आपल्या पेशींना अशी भिंतच नाही, म्हणून आपल्याला त्याचा हा मार बसत नाही. किती साधं आणि किती सुंदर! पण १९४० सालीच, पेनिसिलिन अजून बाजारातही नव्हतं तेव्हा, एब्रहॅम आणि चेन यांनी ई. कोलायमध्ये ते फोडणारं विकर असल्याचं छापून टाकलं होतं. कुलूप दुकानात यायच्या आधीच किल्ली तयार.

असं कसं? त्याचंही उत्तर पिंपरीच्याच मातीत आहे. याच कारखान्यात थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास मातीतल्या एका जिवाणूपासून हॅमायसिन नावाचं बुरशीवरचं औषध शोधलं. त्या जिवाणूचं नावच ठेवलं स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. आपल्या पिंपरीच्या नावाचा जिवाणू! हॅमायसिन बुरशीच्या पटलात घुसून त्याला गळती लावतं. या स्ट्रेप्टोमायसिस कुळातलेच जिवाणू पहिल्या पावसानंतरच्या मातीला तो वास देतात, ज्यावर आमच्या कवींनी एवढं लिहिलं आहे. आणि हेच कूळ नाना तऱ्हेची अँटिबायोटिक्स बनवतं. आता जो विष बनवतो त्याला ते स्वतःच्या अंगात ठेवून कसं चालेल? म्हणून त्यांच्याकडे विष बाहेर टाकणारे पंप असतात, शेजाऱ्यांकडे ते आत न घेण्याच्या युक्त्या असतात. मातीत हा प्रकार माणूस जन्मायच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. आपण त्यातलं एक उचलून बाटलीत भरलं इतकंच.

मग आपला दोष काय? भाची म्हणाली, "औषध जिवाणूंना काही शिकवत नाही, मावशी. ते चाळतं. लाखांत एखाद्याची दारं जन्मतःच जास्त घट्ट असतात. औषध पडलं की बाकीचे मरतात, तो उरतो. वीस मिनिटांत एकाचे दोन. उद्या सगळी वस्ती त्याचीच." गरज नसताना घेतलेली प्रत्येक गोळी म्हणजे एकदा चाळण मारणं. फ्लेमिंगनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच बजावलं होतं, की अपुरी मात्रा घ्याल तर जंतू निर्ढावतील. त्यानंतर २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं औषधाला दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे दगावली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. त्यात माझ्या न पाहिलेल्या मावशीसारख्या बाळंतिणीही असणारच. फरक एवढाच, की तेव्हा औषध पोचलं नव्हतं. आता पोचतं आणि लागू पडत नाही.

आपल्याकडे कायदे नाहीत असं नाही. २०१४ पासून कित्येक अँटिबायोटिक्स एच-वन या यादीत आहेत. दुकानदाराने चिठ्ठीशिवाय देऊ नयेत आणि नोंद ठेवावी, असा नियम आहे. २०१६ मध्ये सरकारने पाकिटावरच्या लाल रेघेची मोहीम काढली. उभी लाल रेघ दिसली की डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. घरातला डबा उघडून बघा, ती रेघ तुम्हाला सापडेल. पण आमच्या बिल्डिंगमध्ये सर्दी झाली की आजही "ती तीन दिवसांची गोळी आहे का हो तुमच्याकडे?" म्हणून बेल वाजते. सर्दी विषाणूची. विषाणूला भिंत नाही, पंप नाही, स्वतःचा संसारच नाही. तिथे ही गोळी कुणाला मारणार? पोटातल्या गरीब जिवाणूंना तेवढी चाळण लागते.

हे बरे झाले. आठव्या इंजेक्शनला ताप पूर्ण उतरला, पण डॉक्टरांनी दहाही दिली आणि ह्यांनी कुरकुर न करता घेतली. मी डॉक्टरांना विचारलं, हेही औषध लागू पडलं नसतं तर? ते म्हणाले, "मग फार थोडं उरतं, बाई." ते विद्यार्थ्यासारखे बाई म्हणाले, पण आवाज विद्यार्थ्याचा नव्हता.

तर आमच्या नातेवाईक मंडळींना, विशेषतः परदेशातून येणाऱ्यांना, एक सांगणं आहे. दरवर्षी जाताना तुम्ही इथून पाच-सहा पाकिटं अँटिबायोटिक घेऊन जाता, 'तिकडे चिठ्ठीशिवाय मिळत नाही' म्हणून. तिकडे मिळत नाही ते बरंच आहे. या वर्षी बॅगेत ती जागा चकल्यांना द्या. आणि आमच्या शेजारच्या मंडळींनो, सर्दीला माझ्याकडे या, जरूर या. आलं-गवती चहाचा काढा देईन, हवा तेवढा. गोळी मात्र मागू नका.